सोरायसिसने माणूस मरू शकतो, हे आधी कागदावर घ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अंगभर पुवाचे फोड येणाऱ्या तीव्र सोरायसिसला तातडीचा आजार मानण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण माझी बहीण तुमच्या तीन खात्यांच्या मधल्या फटीत सापडली होती. ग्रामीण रुग्णालय एका खात्याचं, मेडिकल कॉलेज दुसऱ्याचं आणि ज्या गोळ्यांपासून तिचं दुखणं पेटलं त्यांच्या विक्रीवर नजर ठेवायची ती तिसऱ्यानं. पत्र नेमकं कुठल्या टेबलावर जाऊन पडेल याचा भरवसा नाही, म्हणून ते उघडंच ठेवलंय. लोकांनीही वाचावं.

निमित्त एका शेऱ्याचं आहे. ताईला अतिदक्षता विभागात घ्यायला हवं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि मंजुरीचा कागद त्या रुग्णालयातल्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या योजना कक्षाकडे गेला. तिथून तो परत आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, ‘त्वचाविकार. तातडीचे नाही.’ त्या घटकेला ताईला १०३ ताप होता, लघवी जवळजवळ बंद झाली होती आणि धाप लागून तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. शेरा लिहिणाऱ्या माणसावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं गेलं तेच त्यानं लिहिलं. त्वचा म्हणजे मलम, खाज, फार तर लाज, हीच समजूत गावापासून मंत्रालयापर्यंत आहे आणि माझी तक्रार त्या समजुतीबद्दल आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो. डी.फार्म. आहे, डॉक्टर नाही. पुढे जे लिहिलंय ते ताईच्या उपचारांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि काउंटरच्या आत उभं राहून कळलेलं आहे.

आधी आजार काय ते सांगतो, कारण त्याबद्दल निर्णय घेणाऱ्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. सोरायसिस म्हटलं की कोपरागुडघ्यांवरचे खवल्यांचे चट्टे आणि डोक्यातला कोंडा आठवतो. तोही काही सुखाचा आजार नाही, पण माणसं तो अंगावर घेऊन वर्षानुवर्षं कामधंदा करतात. ताईनंही शेत, शिलाई मशीन आणि दोन मुलं त्याच्यासकट सांभाळली. जनरलाइज्ड पस्टुलर सोरायसिस, डॉक्टरांच्या भाषेत जीपीपी, हा नावानं त्याचा भाऊ असला तरी वागणुकीनं निराळा आहे. बघता बघता कातडी लालबुंद होते, आगआग होते, हुडहुडी भरून ताप येतो आणि त्या लाल कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे पुवाचे फोड उठतात. ते एकमेकांत मिसळून पुवाची थारोळी होतात, सुकतात, पापुद्रे सुटतात आणि खालून पुढची खेप वर येते. लिओ फॉन झुम्बुश नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९१० मध्ये याचं वर्णन छापलं. म्हणजे आजार नवा नाही. आपल्याकडे तो अजून ओळखीचा झालेला नाही, एवढंच.

या पुवात जंतू नसतात. पू तपासणीला पाठवला की ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी झुंडीनं कातडीत शिरतात आणि त्यांचाच तो पू असतो. २०११ मध्ये संशोधकांना दिसलं, की काही रुग्णांच्या शरीरात आयएल-३६ नावाच्या दाहकारक रसायनाला आवर घालणारं प्रथिनच जन्मापासून सदोष असतं. ठिणगी पडली की मग तो दाह थांबवणारं कुणी नसतं. हा आजार शिवल्यानं, जेवल्यानं, शेजारी झोपल्यानं होत नाही. हे वाक्य प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लावायला हवं, कारण ताईची खाट संडासाच्या बाजूच्या कोपऱ्यात सरकवली गेली ती इतर नातेवाइकांनी ओरडा केल्यावर.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो, त्या गुंतागुंतीबद्दल.

कातडी हा अवयव आहे, हे मलाही पुस्तकातलंच ठाऊक होतं. ती अंगभर बिघडली की शरीरातलं पाणी, ऊब आणि प्रथिनं उघड्या माठासारखी पाझरून जातात. रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरतं, पाय आणि चेहरा सुजतो. बाहेर सूज आणि आत मात्र रक्तवाहिन्या कोरड्या, त्यामुळे मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळत नाही. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात चढतं, लघवी आटते. कॅल्शियम खाली येतं. ताईच्या हातांची बोटं आखडून चोचीसारखी जवळ आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजीनं बाहेरची बाधा झाल्याचं सांगितलं आणि लिंबू उतरवायला निघाली. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिल्यावर बोटं सुटली. औषध अगदी स्वस्त, पण ते द्यायचं हे कळायला आधी कुणीतरी कॅल्शियम तपासायला हवं होतं.

हृदयाचं तसंच. सगळ्या अंगाच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलल्या की हृदयाला सतत जादा पंप करावं लागतं. वय झालेल्या किंवा आधीच बीपी, शुगर असलेल्या माणसाचं हृदय तिथे थकतं. काहींचं यकृत बिघडतं, पित्तनलिकांना सूज येऊन कावीळ होते. काहींचे सांधे धरतात, डोळ्यांच्या आत दाह होतो. फुप्फुसांत त्याच पांढऱ्या पेशी शिरल्या तर श्वास काही तासांत कोसळू शकतो. डॉक्टर त्याला एआरडीएस म्हणतात. या सगळ्यावर कडी म्हणजे सोललेल्या कातडीतून खरेखुरे जंतू आत शिरून होणारा सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जीवघेणा जंतुसंसर्ग. सुरुवातीला पुवात जंतू नसतात हे खरं, पण म्हणून पुढे शिरणार नाहीत असं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन्ही वेळा वाढलेल्या दिसतात, ताप दोन्ही वेळा असतो, आणि हा फरक ओळखणं हे अनुभवी माणसाचं काम आहे. जगभरच्या निरनिराळ्या अभ्यासांत जीपीपीमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण शेकडा २ ते १६ असं नोंदलेलं आहे. हे आकडे त्वचेच्या आजाराचे आहेत, महोदय.

माझी पहिली तक्रार ओळखण्याबद्दल. ताईला आधी कांजिण्या म्हटलं गेलं, मग औषधाची रिॲक्शन, मग नुसतंच इन्फेक्शन. घरात तर ‘देवी आल्यात’ म्हणून कडुलिंबाचा पाला अंथरून झाला होता. ग्रामीण रुग्णालयानं वर पाठवलं, तिथून आणखी वर, आणि प्रत्येक ठिकाणी तेच रक्त नव्यानं काढलं गेलं, तीच ॲन्टिबायोटिक बदलून लावली गेली. शेवटी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात त्वचारोग विभागातल्या एक निवासी डॉक्टर आल्या, त्यांनी पोटावरचा एक फोड पाहिला, ‘आधी सोरायसिस होता का’ एवढंच विचारलं आणि आजाराचं नाव सांगितलं. तो प्रश्न त्याआधी कुणीही विचारला नव्हता. माझं म्हणणं असं नाही की तालुक्याच्या प्रत्येक डॉक्टरला हा आजार पाठ असावा. जपानमधल्या एका जुन्या पाहणीत तो दहा लाखांत सुमारे साडेसात लोकांना असल्याचं दिसलं होतं, फ्रान्समध्ये त्याहूनही कमी. एखाद्या डॉक्टरला तो आयुष्यभर दिसणार नाही. पण फोटो काढून दाखवायची सोय तर प्रत्येकाच्या खिशात आहे. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला मिळतो. मग रात्री अकरा वाजता आलेल्या, अंगभर फोड असलेल्या रुग्णाचा फोटो बघायला राज्यात एकही त्वचारोगतज्ज्ञ ड्यूटीवर का नसावा?

दुसरी तक्रार माझ्या धंद्यातली आहे, म्हणून जरा सविस्तर.

ताईचा साधा सोरायसिस पेटला तो पुडीमुळे. आठवडी बाजारात एक जण सांधेदुखी आणि चामडीच्या रोगावर ‘जडीबुटी’ विकायचा. पुडी घेतल्यावर ताईचे चट्टे गेले, गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला. नातेवाईक म्हणाले, तब्येत सुधारली. औषध दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही तो गोल चेहरा ओळखू येतो : पुडीत वाटलेलं स्टिरॉइड होतं. मग तो माणूस बाजारात यायचा बंद झाला, पुडी संपली आणि काही दिवसांतच अंग पेटलं. पोटातून दिलेलं स्टिरॉइड एकदम तुटणं हे जीपीपी उसळण्याच्या सर्वांत ठाऊक कारणांपैकी एक आहे. म्हणूनच जाणते त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिसला स्टिरॉइडच्या गोळ्या सहसा देत नाहीत आणि द्याव्याच लागल्या तर पायरीपायरीनं उतरवतात. इतरही कारणं आहेत : जंतुसंसर्ग, गरोदरपण, मानसिक ताण, लिथियम किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी औषधं. पण आपल्या भागात पुडीचा नंबर वरचा लागेल, असं माझं मत आहे.

स्टिरॉइडच्या गोळ्या शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. २०१८ मध्ये केंद्रानं स्टिरॉइडची १४ मलमंही त्यात आणली. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात माझ्या दुकानात रोज कुणीतरी ‘ती बारीक पांढरी गोळी द्या, अंगदुखीची’ म्हणत येतं. मी नाही दिली की चौकातल्या दुसऱ्या दुकानात मिळते, आणि गिऱ्हाईक मलाच शिष्ट म्हणतं. शेड्यूल एच-१ च्या औषधांसाठी आम्हाला रुग्णाचं नाव आणि डॉक्टरचं नाव लिहून वेगळी वही ठेवावी लागते. काही ॲन्टिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्या त्यात आहेत, पोटातून घ्यायचं स्टिरॉइड नाही. ठोक बाजारातून हजारांच्या डब्यानं गोळ्या उचलून त्या खलबत्त्यात जडीबुटीसोबत कुटणाऱ्याला पकडायचं, तर माग कुठून काढणार? तपासणी अधिकारी येतात ते फ्रिजचं तापमान आणि परवान्याची चौकट बघून जातात. आठवडी बाजारात पुडीचा नमुना घेताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.

तिसरी तक्रार खाटेची. ‘स्किनच्या पेशंटला आयसीयू कशाला?’ हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि तो विचारणारा चांगला डॉक्टर होता. जळालेल्या रुग्णाला जी शुश्रूषा लागते तीच या रुग्णालाही लागते : उबदार खोली, मोजून दिलेलं पाणी, तासातासाची लघवीची नोंद, न चिकटणारं अंथरूण. सरकारी चादर ताईच्या पाठीला चिकटायची आणि ती उचलताना कातडी सोबत यायची. एका सिस्टरनं आम्हाला केळीची पानं आणायला सांगितलं. धुऊन, पुसून ती अंथरली आणि त्या रात्री ताई पहिल्यांदा झोपली. मला तो घरगुती उपाय वाटला होता; पुढे कळलं की मुंबईच्या सायन रुग्णालयात भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांच्या पट्ट्यांचा रीतसर अभ्यास झालेला आहे आणि तो २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. त्या सिस्टरला हे कुणी शिकवलं होतं ठाऊक नाही. तिला शिकवणाऱ्याला माझा नमस्कार पोचवा.

गरोदरपणाबद्दल थोडक्यात पण कळकळीनं. हाच आजार शेवटच्या तिमाहीत उसळू शकतो, ज्या बाईला आधी कधी सोरायसिस नव्हता तिलाही. आईचं कॅल्शियम पडतं, बाळाला पोसणारी वार नीट काम करत नाही, बाळाची वाढ खुंटते, बाळ पोटात दगावू शकतं. पुढच्या खेपेला तो परत येण्याची, आणि आधीपेक्षा लवकर येण्याची भीती असते. शिवाय या आजारावर वापरली जाणारी ॲसिट्रेटिनसारखी गोळी गर्भाला घातक आहे. ती बंद केल्यानंतरही तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात. हे आशाताईंना आणि एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकांना, कुणी सांगितलंय का? माझ्या गावातल्या आशाताईंना मी विचारलं. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं.

पैशांचं सगळ्यात शेवटी घेतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. चांगली गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायला मला संकोच नाही. पण खिडकीपलीकडच्या माणसानं संगणकावर आजाराचं नाव शोधलं, त्याला ते सापडेना, आणि मग तो शेरा आला. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात निवडलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. पण त्या यादीत जीपीपीला जागा नाही. जपाननं हा आजार शासकीय मदतीच्या दुर्धर आजारांत घेतलाय. जागतिक आरोग्य परिषदेनं २०१४ मध्येच सोरायसिसवर ठराव करून सदस्य देशांना त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. भारत त्या परिषदेत बसतो.

नव्या औषधाबद्दलही सांगतो, नाहीतर माझ्या मागण्या जुनाट वाटतील. आयएल-३६ चा मार्गच अडवणारं स्पेसोलिमॅब हे इंजेक्शन अमेरिकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये जीपीपीसाठी मंजूर केलं. ५३ रुग्णांच्या चाचणीत एका डोसनंतर आठवड्याभरात ५४ टक्के रुग्णांच्या अंगावर एकही फोड दिसत नव्हता. ज्यांना तुलनेसाठी औषध नसलेला, नुसता दिसायला तसाच डोस दिला होता त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. किंमत आमच्यासारख्यांनी उच्चारावी अशी नाही. मी ते उद्या तालुक्याला द्या म्हणत नाही. सायक्लोस्पोरिन, ॲसिट्रेटिन, मेथोट्रेक्सेट, अल्ब्युमिन, कॅल्शियम हे जुनं सामान वेळेवर मिळालं असतं, तरी ताईची निम्मी फरपट वाचली असती. ताई वाचली. सायक्लोस्पोरिननं उसळी आटोक्यात आली, मूत्रपिंडं हळूहळू पूर्ववत झाली. पण हा आजार परततो, आणि पुढच्या वेळी ती त्याच रस्त्यानं त्याच दवाखान्यांत जाणार आहे. म्हणून मागण्या मांडतो.

एक. जीपीपी, आणि त्यासोबत अंगभर कातडी सोलणारे सगळेच आजार, ‘तातडीचे’ म्हणून नोंदवा. योजनेच्या संगणकात हे नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही शब्दांनी शोधलं तरी सापडलं पाहिजे. मंजुरी येईपर्यंत उपचार थांबणार नाहीत, असं परिपत्रकात स्पष्ट लिहा.

दोन. राज्यभरासाठी चोवीस तास एक त्वचारोगतज्ज्ञ फोनवर ठेवा. मेडिकल कॉलेजांनी पाळीपाळीनं ड्यूटी लावली तरी काम भागेल. नवी इमारत लागत नाही, नवी पदंही फारशी लागणार नाहीत.

तीन. अंगावर पुवाचे फोड आणि ताप असलेला रुग्ण आला की काय करायचं, याचं एक पान ग्रामीण रुग्णालयांना द्या : सोरायसिस होता का विचारा, कुठली पुडी, गोळी किंवा मलम अलीकडे बंद केलं ते विचारा, कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन तपासा, रक्ताचं कल्चर घ्या, फोटो पाठवा. आणि १०८ मधून पाठवताना मधले थांबे गाळून थेट त्वचारोग विभाग आणि अतिदक्षता दोन्ही असलेल्या ठिकाणीच पाठवा.

चार. पोटातून घ्यायच्या स्टिरॉइडसाठी एच-१ सारखी वही सक्तीची करावी, अशी शिफारस राज्यानं केंद्राकडे करावी. तोवर अन्न व औषध प्रशासनानं आठवडी बाजार आणि जत्रांमधल्या पुड्यांचे नमुने घेऊन निकाल जाहीर करावेत. आमच्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेला यात बोलवा. काही जण कुरकुर करतील, बरेच जण साथ देतील.

पाच. गरोदरपणात पुवाचे फोड आलेल्या बाईला अतिजोखमीची माता म्हणून नोंदवा आणि आशा-एएनएमच्या पुढच्या प्रशिक्षणात अर्धा तास या विषयाला द्या.

सहा. सायक्लोस्पोरिन आणि ॲसिट्रेटिन जिल्हा रुग्णालयाच्या औषधसाठ्यात असावीत. स्पेसोलिमॅबसारखं औषध ज्या थोड्या रुग्णांना खरोखर लागेल त्यांच्यासाठी राज्यातलं निदान एक सरकारी केंद्र ठरवा, आणि जीपीपीला दुर्मिळ आजारांच्या यादीत घ्यावं असा प्रस्ताव केंद्राकडे पाठवा.

‘आपले निवेदन संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे’ असं उत्तर कृपया पाठवू नका. ते माझ्याकडे आधीच आहे. पहिल्या दोन मागण्यांना खर्च जवळजवळ नाही, त्या सही झाल्याच्या दिवसापासून लागू होऊ शकतात. परिपत्रक निघालं तर त्याची प्रत प्रत्येक रुग्णालयाच्या योजना कक्षात, खिडकीच्या आतल्या बाजूला लावा. कागदावर शेरा मारणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

आपला,
एका रुग्णाचा धाकटा भाऊ आणि औषध विक्रेता